नाक्यावर नजर ठेवणाऱ्या बायका: वेस्ट बँकमधल्या चेकपॉइंटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेस्ट बँकमधल्या लष्करी नाक्यांवर नजर ठेवणाऱ्या इस्रायली बायकांच्या मख्सोम वॉच या संस्थेबद्दल लिहिल्यापासून वाचकांचे प्रश्न येत राहिले. काही अगदी साधे होते, काही रागाने विचारलेले, आणि काहींनी आम्हालाच पुन्हा वाचायला बसवलं. तेच तेच उत्तर दहा जणांना वेगवेगळं लिहिण्यापेक्षा इथे एकत्र करतो आहोत. एका उत्तरात आलेली गोष्ट शक्यतो दुसऱ्यात परत सांगितलेली नाही. तिथे संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. चेकपॉइंट म्हणजे सीमेवरची तपासणीच ना? वाघा बॉर्डरसारखी?

नाही, आणि बहुतेक गैरसमज इथूनच सुरू होतात. १९६७ च्या युद्धात इस्रायलने वेस्ट बँक, म्हणजे जॉर्डन नदीच्या पश्चिमेकडचा पॅलेस्टिनी प्रदेश, ताब्यात घेतली. तिच्यात आणि इस्रायलमध्ये जी जुनी युद्धबंदी रेषा आहे तिला 'ग्रीन लाइन' म्हणतात. काही नाके या रेषेच्या आसपास आहेत, पण बरेचसे वेस्ट बँकच्या आत, एका पॅलेस्टिनी गावातून दुसऱ्या पॅलेस्टिनी गावाला जाणाऱ्या रस्त्यावर आहेत. पुण्याहून साताऱ्याला निघालेल्या माणसाला खंबाटकीच्या अलीकडे दुसऱ्या देशाच्या सैनिकाने ओळखपत्र मागावं, असा प्रकार.

शिवाय नाका म्हणजे दर वेळी सैनिक उभा असलेली चौकी नव्हे. गावाच्या तोंडावरचं कुलूपबंद लोखंडी फाटक, रस्त्यात ओतलेला मातीचा ढीग, सिमेंटचे ठोकळे, हे सगळं मोजणीत येतं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवतावादी कार्यालयाने (ओचा) २०२३ मध्ये असे ६४५ अडथळे मोजले होते. २०२५ च्या सुरुवातीच्या पाहणीत ते ८४९ झाले.

२. 'मख्सोम' हा शब्द अरबी आहे की हिब्रू?

हिब्रू. अर्थ अडसर, नाका. पण पॅलेस्टिनी लोकांच्या बोलण्यात तो इतका रुळला आहे की अरबीच्या चालीने त्याचं अनेकवचनही तयार झालं आहे. राज्य करणाऱ्याचा शब्द रयतेच्या तोंडी कसा बसतो हे वॉरंट, समन्स आणि कोर्ट म्हणणाऱ्या आपल्याला वेगळं समजवायला नको.

३. हे निरीक्षण नेमकं कोण करतं?

तीन वेगळ्या प्रकारचे लोक, आणि त्यांची गल्लत करू नये.

पहिल्या मख्सोम वॉचच्या बायका. दुसरा इंतिफादा, म्हणजे इस्रायली ताब्याविरुद्धचा पॅलेस्टिनी उठाव, सप्टेंबर २००० मध्ये पेटला. काही महिन्यांत, २००१ च्या सुरुवातीला, रॉनी येगर, येहुदित केशेत आणि अदी कुंत्समन या तिघींनी जेरुसलेमच्या आसपासच्या नाक्यांवर जायला सुरुवात केली. पुढे ही संख्या शेकड्यांत गेली. सगळ्या इस्रायली, सगळ्या स्वयंसेविका, आणि पुष्कळशा निवृत्त, नातवंडं असलेल्या.

दुसरे परदेशी सोबती. जागतिक चर्च परिषदेने २००२ मध्ये एक 'साथसंगत' कार्यक्रम सुरू केला. वेगवेगळ्या देशांतले लोक साधारण तीन महिने येऊन राहतात, पहाटे नाक्यावर माणसं मोजतात, शाळेत जाणाऱ्या मुलांबरोबर चालतात.

तिसरे सरकारांनी नेमलेले निरीक्षक. ते फक्त वेस्ट बँकमधल्या हेब्रोन शहरात होते आणि आता नाहीत. त्यांची गोष्ट वेगळी आहे (प्रश्न ११).

४. एका फेरीत त्या करतात तरी काय?

दिसायला फार काही नाही. दोघी-तिघी एका गाडीतून निघतात, सकाळची किंवा दुपारची पाळी ठरलेली असते. छातीवर संस्थेचा बिल्ला, हातात वही. नाक्यावर पोचलं की वेळ लिहायची. किती खिडक्या चालू आहेत, रांग कुठवर आली आहे, रांगेतल्या शेवटच्या माणसाला आत जायला किती मिनिटं लागली, कोणाला बाजूला बसवून ठेवलं आहे आणि केव्हापासून. शेवटच्या माणसाची वेळ धरायची ही युक्ती साधी आहे, पण रांग खरोखर हलते आहे की नुसती लांब दिसते आहे हे त्यातूनच कळतं.

मग फोन. लष्कराच्या आणि त्याच्याच 'नागरी प्रशासन' नावाच्या कारभार शाखेच्या अधिकाऱ्यांचे नंबर त्यांच्याकडे असतात. 'बायका आणि आजाऱ्यांसाठीचं फाटक उघडलेलं नाही', 'अमुक माणूस दोन तास उन्हात बसला आहे', एवढंच सांगायचं. कधी दहा मिनिटांत फाटक उघडतं, कधी पलीकडून फोनच उचलला जात नाही. तेही वहीत जातं.

घरी आल्यावर अहवाल लिहून हिब्रू आणि इंग्रजीत संकेतस्थळावर टाकतात. सलग वाचायला बसलं तर हे अहवाल कंटाळवाणे वाटतात: तारीख, वेळ, थंडी, पाऊस, पुन्हा तीच रांग. पण वीस वर्षांहून अधिक काळ साठलेला हा कंटाळाच त्यांचं खरं काम आहे, असं आमचं मत. मोठी घटना वर्तमानपत्र नोंदवतंच. मंगळवारची साधी सकाळ कोण नोंदवणार?

काही जणी नाक्यांऐवजी ओफर आणि सालेमच्या लष्करी न्यायालयांत बसून सुनावण्या लिहून घेतात.

५. फक्त बायकाच का?

एक कारण व्यवहाराचं. इस्रायलमध्ये बहुतेक ज्यू पुरुष लष्करात गेलेले असतात आणि नंतरही राखीव सेवेत बोलावले जातात. नाक्यावर पुरुष आला की बोलणं चटकन 'तू कुठल्या तुकडीत होतास' इथे किंवा बाचाबाचीवर जातं. बायका लष्करात जात असल्या तरी एकोणीस वर्षांच्या सैनिकासमोर आजीच्या वयाची बाई उभी राहिली की त्याच्या आवाजाची पट्टी जरा बदलते.

याला टीकाही झाली, आणि ती संस्थेच्या आतूनच. आईपणाचं भांडवल करून आपण सैनिकाला 'बाळा, असं नको करू' म्हणायला आलो आहोत का, की नागरिक म्हणून जाब विचारायला? हा वाद मिटलेला नाही.

६. रोजच्या आयुष्यात नाक्यामुळे इतकं काय बिघडतं? थोडा उशीर होतो, एवढंच ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो. म्हणून उत्तरही लांब.

मजुरापासून सुरू करू. बेथलेहेमच्या उत्तरेला 'चेकपॉइंट ३००' आहे. जेरुसलेममध्ये बांधकामाला जाणारे गडी तिथे पहाटे तीनच्या आधीपासून रांगेत उभे राहत. कारण नाका पार करून सहा-सातला कामावर हजर व्हायचं, आणि आज रांग किती वेळ घेईल हे कोणालाच माहीत नसतं. जाळीने दोन्हीकडून बंद केलेली अरुंद वाट, लोखंडी फिरतं दार, धातुशोधक कमान, सामानाचा पट्टा, मग खिडकीत ओळखपत्र, परवाना आणि बोटांचे ठसे. गर्दी वाढली की तरुण पोरं जाळीवर चढून वरून पुढे जात. म्हातारे खाली चेपले जात.

आता आजारी माणूस. वेस्ट बँकची रुग्णवाहिका सहसा जेरुसलेममध्ये सरळ जाऊ शकत नाही. नाक्यावर रुग्णाला एका स्ट्रेचरवरून दुसऱ्यावर, एका गाडीतून दुसऱ्या गाडीत हलवतात. ऑक्सिजन लावलेल्या माणसालाही हाच नियम. दुसऱ्या इंतिफादाच्या काळात बाळंतपणाला निघालेल्या बायका नाक्यावर अडकल्या. पॅलेस्टिनी आरोग्य मंत्रालयाच्या नोंदींवरून संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात आलेली माहिती अशी की २००० नंतरच्या सहा-सात वर्षांत साठांहून अधिक बाळं नाक्यावर जन्मली आणि त्यातली तिसांहून अधिक दगावली.

शेतकऱ्याचं दुखणं निराळं. २००२ पासून इस्रायलने विभाजक भिंत बांधायला घेतली. तिची आखणी सुमारे सातशे किलोमीटरची, आणि त्यातला बहुतेक भाग ग्रीन लाइनवर नसून वेस्ट बँकच्या आत आहे. त्यामुळे घर एकीकडे आणि ऑलिव्हची झाडं दुसरीकडे, असं झालं. मधे शेतीचं फाटक. काही फाटकं दिवसातून दोन-तीनदा थोड्या वेळासाठी उघडतात, काही आठवड्यातून ठरावीक दिवशी, आणि कितीतरी फक्त ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या तोडणीच्या हंगामात. स्वतःच्या वडिलोपार्जित रानात जायला परवाना लागतो. तो बहुधा सातबाऱ्यावर नाव असलेल्यालाच मिळतो, भावाला, जावयाला मिळेलच असं नाही. नांगरणी, छाटणी, खत यांचा हंगाम वर्षभर चालतो. फाटक तोडणीपुरतं उघडून झाड कसं जगवायचं?

आणि शेवटी भूगोल. बेथलेहेमहून रामल्लाला जेरुसलेममधून गेलं तर अंतर पंचवीस किलोमीटरच्या आसपास. पण जेरुसलेमचा परवाना नसलेल्याला पूर्वेकडून 'वादी अन्-नार', म्हणजे आगीच्या दरीतून, वळसा घालावा लागतो. त्या रस्त्यावर 'कंटेनर' नावाचा नाका आहे. तो बंद झाला की दक्षिण वेस्ट बँक उरलेल्या भागापासून तुटते. विद्यार्थी परीक्षेला पोचत नाही, वऱ्हाड अडकतं.

त्रास नुसत्या उशिराचा नाही. किती उशीर होईल हे आधी कळत नाही, म्हणून कसलीच वेळ ठरवता येत नाही. याच गरजेतून २०१५ च्या सुमारास 'अझमे' नावाचं मोबाइल अ‍ॅप निघालं. बोली अरबीत अझमे म्हणजे संकट, आणि ट्रॅफिक जॅमही.

७. परवाना काढला की प्रश्न सुटतो ना?

परवाना मिळाला तर. अर्जदाराला अनेकदा एका शब्दात उत्तर मिळतं: 'मनूअ', म्हणजे प्रतिबंधित. सुरक्षा यंत्रणा शाबाकने यादीत नाव टाकलेलं असतं आणि कारण गोपनीय. कधी भाऊ मारला गेलेला असतो आणि सूडाच्या भीतीने अख्ख्या घराचे परवाने थांबतात. काहींना चौकशीत 'आम्हाला खबर देत जा, परवाना देतो' असं सुचवल्याच्या तक्रारीही मानवाधिकार संस्थांकडे आल्या आहेत.

मख्सोम वॉचच्या काही जणी अनेक वर्षं हेच काम करत आल्या आहेत: फॉर्म भरून देणं, फेरविचाराचे अर्ज, गरज पडली तर वकील. बऱ्याच जणांची नावं अर्ज केल्यावर यादीतून निघाली. मग ती आधी होती कशासाठी, हा प्रश्न उरतोच.

८. पण बॉम्बस्फोट होत होते. नाके नकोत असं म्हणायचं आहे का?

स्फोट होत होते, हे टाळून बोलण्यात अर्थ नाही. दुसऱ्या इंतिफादात बसमध्ये, हॉटेलांत, बाजारात आत्मघातकी हल्ले झाले. सुमारे एक हजार इस्रायली आणि तीन हजारांहून अधिक पॅलेस्टिनी मारले गेले. मार्च २००४ मध्ये नाब्लुसजवळच्या हुवारा नाक्यावर अंगावर स्फोटकं बांधलेला एक किशोरवयीन मुलगा पकडला गेला. मार्च २००२ मध्ये वादी अल्-हरामिया इथल्या नाक्यावर एका बंदूकधाऱ्याने दहा इस्रायलींना टिपून मारलं. त्या नाक्यावरचा सैनिक घाबरलेला असतो, आणि त्याची भीती खोटी नसते.

मतभेद कुठे आहे तो नीट पाहा. इस्रायलमध्ये शिरणाऱ्याची तपासणी व्हावी का, हा एक प्रश्न. नाब्लुसच्या माणसाने शेजारच्या खेड्यात जाताना तपासणी का व्हावी, हा वेगळा. इस्रायली लष्कराचं म्हणणं असं की आतले नाकेही हल्लेखोराची वाट अडवतात आणि वेस्ट बँकमध्ये वसवलेल्या इस्रायली वसाहतींच्या रस्त्यांचं रक्षण करतात. मख्सोम वॉचचं म्हणणं असं की त्या वसाहतीच बेकायदा आहेत आणि तिथल्या थोड्यांसाठी बाकीच्या लाखोंची कोंडी होते. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जुलै २००४ च्या सल्लागार मतात वेस्ट बँकच्या आतून जाणारी भिंत बेकायदा ठरवली, आणि जुलै २०२४ मध्ये एकूण ताबाच बेकायदा ठरवला. इस्रायलने दोन्ही मतं मान्य केली नाहीत.

आमचा कल कुठे आहे ते लपवत नाही. आतल्या नाक्यांचं समर्थन आम्हाला पटलेलं नाही.

९. सैनिक त्यांना हाकलून देत नाहीत?

देतात. स्थानिक अधिकारी 'बंद लष्करी क्षेत्र' जाहीर करू शकतो, मग निघावं लागतं. फोटोवरून हुज्जत रोजचीच. शिवाय 'अ' क्षेत्रात, म्हणजे १९९० च्या दशकातल्या इस्रायल-पॅलेस्टिनी ऑस्लो करारानुसार पॅलेस्टिनी प्रशासनाकडे असलेल्या शहरांत, इस्रायली नागरिकांना लष्करी आदेशाने बंदी आहे. रस्त्यावर मोठ्या लाल पाट्या असतात. म्हणून या बायका नाक्याच्या एकाच अंगाला उभ्या दिसतात.

वसाहतवाल्यांचा जाच मात्र सैनिकांपेक्षा जास्त. शिव्या, धक्काबुक्की, गाडीचं नुकसान. घरच्या जेवणाच्या टेबलावरही 'शत्रूची बाजू घेतेस' हे ऐकावं लागतं. अनेकींची स्वतःची मुलं त्याच लष्करात असतात.

१०. नुसतं उभं राहून, लिहून काही फरक पडला का? उलट नाक्यांना सोज्वळ चेहरा नाही का मिळाला?

पहिला भाग. नोव्हेंबर २००४ मध्ये नाब्लुसच्या पश्चिमेला बेत इबा नाक्यावर एका पॅलेस्टिनी माणसाला सैनिकांसमोर व्हायोलिन वाजवताना मख्सोम वॉचच्या एका बाईने चित्रित केलं. तो म्हणाला, मला वाजवायला लावलं. लष्कराने शेवटी सांगितलं, त्यानेच आपणहून वाजवलं. पण ते दृश्य पाहून इस्रायलमध्ये कित्येकांना छळछावण्यांतले ज्यू वादक आठवले आणि मोठा गदारोळ झाला. त्याच काळात नाक्यांवर होणाऱ्या मारहाणीच्या तक्रारी मात्र एवढ्या गाजल्या नाहीत. कशाने माणूस हलतो हे सांगता येत नाही.

२००५ मध्ये या चळवळीतल्या काही जणींनी 'येश दिन' ही संस्था उभी केली. ती नोंदवहीपलीकडे जाऊन तक्रारी आणि खटले हाताळते. २००९ मध्ये बेत इबा नाका हटला, हुवारा सैल झाला. त्यामागे राजकीय कारणं होती. श्रेय या बायकांना देणं अतिशयोक्ती होईल.

दुसऱ्या भागाचं उत्तर: हो, हा धोका खरा आहे. बाईने फोन केला, फाटक उघडलं, रांग हलली, म्हणजे नाका 'नीट' चालला. काही पॅलेस्टिनी कार्यकर्ते आणि संस्थेतल्याच काही जणी म्हणत आल्या की आपण व्यवस्थेला तेल घालतो आहोत. उलट बाजूची बाई विचारते, दोन तास उन्हात बसलेल्या माणसाला मी काय सांगू, तत्त्वासाठी बसून राहा? एकाच गाडीतून आलेल्या दोघींची उत्तरं वेगळी असू शकतात.

११. हेब्रोनमध्ये तर आंतरराष्ट्रीय निरीक्षक होते. त्यांचं काय झालं?

फेब्रुवारी १९९४ मध्ये एका वसाहतवाल्याने इब्राहिमी मशिदीत नमाजाच्या वेळी गोळीबार करून २९ जणांना मारलं. त्यानंतर नॉर्वेच्या नेतृत्वाखाली निरीक्षक पथक आलं. १९९७ च्या करारात शहर दोन भागांत वाटलं गेलं आणि पथक तिथे राहिलं. नाव होतं 'तात्पुरती आंतरराष्ट्रीय उपस्थिती', आणि तात्पुरतं म्हणता म्हणता ते दोन दशकं टिकलं. २००२ मध्ये त्यांचे दोन सदस्य हल्ल्यात मारले गेले. जानेवारी २०१९ मध्ये नेतन्याहू यांनी मुदत वाढवायला नकार दिला.

मोठा फरक असा की या पथकाचे अहवाल गोपनीय असत. ते दोन्ही बाजूंना आणि सदस्य देशांना मिळत, जनतेला नाही. मख्सोम वॉचचे अहवाल कोणीही वाचू शकतो. त्यांना अधिकार काही नाहीत, पण गप्प बसायची अटही नाही.

१२. आता चेहरा ओळखणारी यंत्रं आली. मग माणसांनी उभं राहायची गरज काय?

कलंदिया आणि ३०० या मोठ्या नाक्यांचं २०१९ च्या सुमारास नूतनीकरण झालं. यांत्रिक फाटकं बसली आणि रांगेचा वेळ पुष्कळ घटला, हे मान्य करायला हवं. पण यंत्राने नकार दिला तर विचारायचं कोणाला? मोठ्या नाक्यांवर आता लष्कराबरोबर खासगी कंपन्यांचे सुरक्षारक्षक असतात, तेही काचेमागे. हेब्रोनच्या नाक्यांवर माणसाला न विचारता त्याचा चेहरा साठवणारी 'रेड वुल्फ' नावाची यंत्रणा असल्याचं अ‍ॅम्नेस्टीने २०२३ मध्ये उघड केलं. मारहाण वहीत लिहिता येते, पडद्यावर लागलेला लाल दिवा कसा लिहायचा, ही या बायकांपुढची नवी अडचण आहे.

१३. ७ ऑक्टोबर २०२३ नंतर काय बदललं?

हमासच्या हल्ल्यानंतर वेस्ट बँकमधल्या मजुरांचे परवाने जवळजवळ सगळे थांबवले गेले. त्याआधी दीड लाखांच्या आसपास माणसं परवान्यावर कामाला जात. पन्नाशी-पंचावन्नच्या पुढच्यांना विनापरवाना मिळणारी सवलतही गेली. प्रश्न ६ मधली पहाटेची रांग त्यामुळे ओसरली. ती ओसरली कारण जाणारंच कोणी उरलं नाही. उलट गावांच्या तोंडावर नवी फाटकं आली आणि आतला प्रवास आणखी अवघड झाला.

१४. गाझाच्या नाक्यांवरही या बायका जातात का?

नाही. इस्रायली नागरिकांना गाझात जाता येत नाही. तिथल्या ये-जा बंदीवर 'गिशा' ही इस्रायली संस्था २००५ पासून कायदेशीर काम करते.

१५. सगळ्या पॅलेस्टिनींना एकच नियम आहे का?

नाही. वेस्ट बँकवाल्याचं ओळखपत्र हिरव्या पाकिटात, जेरुसलेमच्या रहिवाशाचं निळ्या. निळंवाला जेरुसलेममध्ये जाऊ शकतो, हिरवंवाला परवान्याशिवाय नाही. आता नवरा हिरवा आणि बायको निळी असेल तर? एकाच गाडीतून निघालेलं जोडपं नाक्यापाशी वेगळं होतं. बायकोने गाव बदलून नवऱ्याकडे राहायला जावं, तर जेरुसलेम हे 'जीवनाचं केंद्र' राहिलं नाही म्हणून तिचा निळा दर्जाच जाऊ शकतो.

१६. आपला, मराठी माणसाचा, याच्याशी काय संबंध?

वाटतो त्यापेक्षा जवळचा. कोकणातून गेलेले बेने इस्रायल ज्यू आज अश्दोद, दिमोना, लोद, रामले इथे राहतात. घरात मराठी बोलणारी जुनी पिढी अजून आहे. त्यांच्या नातवंडांनाही सक्तीची लष्करी सेवा आहेच.

दुसरा धागा ताजा. पॅलेस्टिनी मजुरांचे परवाने थांबल्यावर त्यांच्या जागी भारतातून माणसं मागवली गेली. आधी हरयाणा आणि उत्तर प्रदेशात भरती झाली, मग सप्टेंबर २०२४ मध्ये पुण्यात. सळई बांधणारा, प्लास्टर करणारा आपल्याकडचा गडी आज ज्या बांधकामावर उभा आहे तिथे कदाचित काल चेकपॉइंट ३०० वरून आलेला कोणी उभा होता.

मार्च २०२५ मध्ये तर दोन्ही गोष्टी एकत्र आल्या. जेरुसलेमजवळच्या अल्-झायीम गावात कामाच्या आमिषाने नेऊन ठेवलेल्या दहा भारतीय मजुरांची इस्रायली यंत्रणांनी सुटका केली. त्यांचे पासपोर्ट काढून घेतलेले होते. कशासाठी? नेणाऱ्या पॅलेस्टिनींना ते दाखवून नाका ओलांडून इस्रायलमध्ये शिरता यावं म्हणून.

१७. वेगवेगळ्या ठिकाणी नाक्यांचे आकडे वेगळे का दिसतात? कोणता खरा?

कोण काय मोजतं ते आधी बघा. सैनिक असलेले कायमचे नाकेच मोजले तर आकडा शंभराच्या आत राहतो. फाटकं, ढिगारे आणि अधूनमधून माणसं असलेली ठिकाणं धरली की तो प्रश्न १ मधल्या आकड्याजवळ जातो. अचानक उभे राहणारे फिरते नाके तर संध्याकाळी नसतातच. तारीख नसलेला आकडा वापरू नका, आणि 'उघडं फाटक' मोजलं आहे का ते पाहा. उघडं फाटकही ओचा मोजते, कारण ते लावून घ्यायला एकच सैनिक आणि एक कुलूप पुरतं.